मुलांना वाढवायचं कसं हे शिकायला देशोदेशी फिरले, पण प्रत्येक वेळी आपल्या पोरांकडे परतच आले : डॉक्टर यानुश कोरचाक

पोलंडमध्ये त्रेब्लिंका नावाची जागा आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी इथे छळछावणी नाही, तर थेट माणसं मारण्याचा कारखानाच उभा केला होता. आज तिथे मोकळ्या मैदानात 17 हजार दगड उभे आहेत. त्यातल्या काही दगडांवर गावांची नावं आहेत, जिथून ज्यू लोकांना गाड्यांमध्ये भरून आणलं गेलं त्या गावांची.

या सगळ्या दगडांमध्ये माणसाचं नाव कोरलेला दगड मात्र एकच आहे. त्यावरचं नाव आहे यानुश कोरचाक.

पेशाने डॉक्टर, पोलंडमधले गाजलेले लेखक, रेडिओवरचा लाडका आवाज. पण त्यांची खरी ओळख एकच, वॉर्सामधल्या ज्यू अनाथाश्रमाचे प्रमुख. आज जगभर मुलांच्या हक्कांबद्दल जे बोललं जातं, त्यातलं बरंच काही या माणसाने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं.

आणि हे सगळं त्यांना आपोआप सुचलेलं नव्हतं. ते शिकायला कोरचाक देशोदेशी फिरले होते.

तर त्यांचं खरं नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्साचा, 22 जुलैचा. साल मात्र 1878 की 1879 हे त्यांना स्वतःलाही पक्कं सांगता यायचं नाही, कारण वकील असलेल्या वडिलांनी मुलाच्या जन्माची नोंद वेळेत केलीच नव्हती. तेव्हा वॉर्सा रशियन साम्राज्यात होतं. घर खातंपितं, पोलिश बोलणारं, ज्यू असूनही धर्माचं फारसं अवडंबर नसलेलं.

पुढे वडिलांना मानसिक आजार झाला. उपचारांत पैसा संपला, घरातल्या वस्तू विकायची वेळ आली आणि 1896 मध्ये वडील गेले. शाळकरी हेन्रिक दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन घराला हातभार लावायला लागला. मुलांशी बोलायचं कसं, त्यांचं ऐकून कसं घ्यायचं, याचे पहिले धडे त्याला या शिकवण्यांमध्येच मिळाले.

1898 मध्ये एका नाट्यलेखन स्पर्धेसाठी त्याने टोपणनाव घेतलं, यानुश कोरचाक. एका जुन्या पोलिश कादंबरीच्या नायकावरून उचललेलं हे नाव पुढे आयुष्यभर चिकटलं. त्याच वर्षी त्याने वॉर्सा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला.

डॉक्टरकी शिकत असतानाच त्यांचा पहिला अभ्यास प्रवास झाला. 1899 च्या उन्हाळ्यात ते स्वित्झर्लंडला गेले. कशासाठी, तर पेस्तालोझी या शिक्षणतज्ज्ञाचं काम समजून घेण्यासाठी. पेस्तालोझीने शंभर वर्षांपूर्वी गरीब आणि अनाथ मुलांसाठी शाळा चालवल्या होत्या. मुलाला घोकंपट्टीने नाही, तर प्रेमाने आणि हाताला काम देऊन शिकवावं, असं त्याचं म्हणणं होतं. विशीतल्या पोराला हे भावलं.

1905 मध्ये ते डॉक्टर झाले आणि वॉर्सातल्या ज्यू मुलांच्या इस्पितळात नोकरीला लागले. मध्येच रशिया-जपान युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून मांचुरियाला जावं लागलं. परत आले तोवर त्यांची पुस्तकं गाजायला लागली होती. श्रीमंत घरांतून डॉक्टरांना बोलावणी यायची. श्रीमंतांकडून ते भरभक्कम फी घ्यायचे आणि गरिबांकडून अगदी नाममात्र.

पण एक गोष्ट त्यांना खात होती. इस्पितळात मूल बरं व्हायचं, घरी जायचं आणि त्याच अंधाऱ्या खोलीत, त्याच उपासमारीत पुन्हा आजारी पडायचं. औषधाने ताप उतरत होता, पण मुलाचं आयुष्य काही बदलत नव्हतं.

याचं उत्तर शोधायला त्यांनी पुन्हा बॅग भरली.

1907 मध्ये ते बर्लिनला गेले आणि वर्षभर राहिले. मुलांच्या इस्पितळांमध्ये काम केलं, व्याख्यानं ऐकली, मुलांच्या संस्था पाहिल्या. त्यानंतर सहा महिने पॅरिस. मग 1911 मध्ये महिनाभर लंडन. या दौऱ्यांचा हिशेब त्यांनी पुढे मोठ्या मजेशीर पद्धतीने मांडला. त्यांच्या मते, जे ठाऊक आहे त्यावर नीट, पायरीपायरीने विचार करायला बर्लिनने शिकवलं. आणि जे अजून ठाऊक नाही पण ठाऊक व्हायलाच हवं, त्यावर विचार करायला पॅरिसने शिकवलं.

लंडनमध्ये मात्र वेगळंच घडलं. फॉरेस्ट हिल भागातला एक अनाथाश्रम पाहून परतताना त्यांनी एक निर्णय घेतला. आपण लग्न करायचं नाही, स्वतःचं मूल होऊ द्यायचं नाही. वडिलांचा आजार आपल्या मुलात उतरेल ही भीती त्यामागे होती. स्वतःच्या मुलाच्या जागी सगळ्या मुलांसाठी जगायचं, असं त्यांनी ठरवलं. पंचवीसेक वर्षांनी एका पत्रात त्यांनी ही गोष्ट लिहून ठेवली.

इकडे वॉर्सामध्ये त्यांना जोडीदार मिळाली होती, आयुष्याची नाही पण कामाची. स्टेफानिया विल्चिन्स्का, सगळ्यांची स्टेफा. तीही वॉर्साच्या ज्यू घरातली. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठात विज्ञान शिकून परत आलेली आणि एका ज्यू अनाथाश्रमात विनामोबदला काम करणारी. 1909 मध्ये दोघांची ओळख झाली. कोरचाक कल्पनांचे, तर स्टेफा घड्याळाच्या काट्याची. कोणाला ताप आहे, कोणाचा बूट फाटलाय, कोण रात्री उशीत तोंड खुपसून रडतंय, हे सगळं तिला माहीत असायचं.

7 ऑक्टोबर 1912 रोजी वॉर्साच्या क्रोख्माल्ना रस्त्यावर, 92 नंबरच्या नव्या इमारतीत ज्यू मुलांचा अनाथाश्रम सुरू झाला. नाव साधंच, अनाथांचं घर. शंभराच्या आसपास मुलं, वय साधारण 7 ते 14. कोरचाक इस्पितळातली नोकरी सोडून माळ्यावरच्या छोट्या खोलीत राहायला आले.

आता एवढं सगळं पाहून, शिकून आलेला माणूस म्हटल्यावर पहिल्या दिवसापासून सगळं सुरळीत चाललं असेल असं वाटेल. पण झालं उलटंच. पहिलं वर्ष त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण वर्ष ठरलं. गल्लीबोळात वाढलेली मुलं त्या चकचकीत इमारतीत बिथरली. नियम मोडायची, भांडायची, मोठ्यांच्या विरोधात एकी करायची. मुलांवर वरून काही लादून चालत नाही, हे कोरचाक यांना परदेशातल्या कुठल्या संस्थेने नाही तर या पोरांनी शिकवलं.

मग त्यांनी मुलांच्याच हातात कारभार द्यायला सुरुवात केली.

सगळ्यात गाजलं ते मुलांचं न्यायालय. कोणी मारलं, चिडवलं, वस्तू घेतली तर मुलाने फळ्यावर तक्रार लिहायची. आठवड्यातून एकदा न्यायालय भरायचं. ज्या मुलांवर त्या आठवड्यात एकही तक्रार नाही त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जायचे. कायद्याचं पुस्तक कोरचाक यांनी स्वतः लिहिलं होतं. त्यातली पहिली 99 कलमं माफ करण्याची होती. त्यापुढे शंभर, दोनशे, तीनशे अशी चढत जाणारी, कडक होत जाणारी कलमं, आणि शेवटचं 1000 नंबरचं कलम म्हणजे आश्रमातून काढून टाकणं.

बरं, खटला मोठ्यांवरही भरता यायचा. सहा महिन्यांत खुद्द कोरचाक यांच्यावर पाच खटले चालले. एकदा एका मुलाच्या कानाखाली वाजवली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून, एकदा तर चक्क न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून. आश्रमाचा प्रमुख सात-आठ वर्षांच्या न्यायाधीशांसमोर आरोपी. या खटल्यांनी आपल्याला चांगला शिक्षक बनवलं, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

न्यायालयासोबत मुलांची संसदही होती. सूचना लावायचा फळा होता. समोर बोलायची भीती वाटणाऱ्यांसाठी पत्रपेटी होती. झाडलोट, स्वयंपाकघर, वाचनालय अशी कामं मुलांमध्ये वाटलेली असायची. पडलेला दुधाचा दात डॉक्टर पैसे देऊन विकत घ्यायचे. दर आठवड्याला मुलांचं वजन आणि उंची मोजली जायची, त्याची नोंद व्हायची. इस्पितळात शिकलेली बारीक निरीक्षणाची सवय त्यांनी अनाथाश्रमात आणली होती.

1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि रशियन सैन्याने त्यांना डॉक्टर म्हणून पुन्हा बोलावून घेतलं. आश्रम स्टेफाने एकटीने सांभाळला. तोफांच्या आवाजात, युक्रेनमधल्या लष्करी इस्पितळात कोरचाक यांनी मुलांवर प्रेम कसं करावं या विषयावरचं आपलं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. कीव्ह शहरात त्यांना मॉन्टेसरी पद्धतीच्या बालवर्गात बसायला मिळालं, तेव्हा ते वही घेऊन बसले. तीन-चार वर्षांची मुलं काय करतात, कशी बोलतात, वस्तू कशी हाताळतात, हे त्यांनी बारकाईने टिपून घेतलं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. लहान मूल हे उद्याचं माणूस वगैरे नाही, ते आजच माणूस आहे. त्याला आज दुखतं, आज राग येतो, आजच त्याचं ऐकलं जायला हवं.

युद्ध संपलं, पोलंड स्वतंत्र झाला. कोरचाक परतले, पण त्यांना टायफसने गाठलं. त्यांची सेवा करता करता आईला तोच आजार झाला आणि 1920 मध्ये आई गेली. हा घाव ते कधीच विसरले नाहीत.

पुढची पंधरा वर्षं मात्र त्यांच्या कामाचा सुवर्णकाळ होता. 1923 मध्ये एका लहानग्या राजाची त्यांची गोष्ट आली आणि पोलंडमधल्या घराघरात पोचली. आश्रमात तरुण शिक्षकांसाठी राहण्याची सोय झाली. राहणं आणि जेवण मोफत, त्या बदल्यात रोज काही तास मुलांसोबत काम करायचं आणि निरीक्षणाची वही लिहायची. ती वही डॉक्टर स्वतः वाचायचे. 1926 मध्ये त्यांनी एका ज्यू दैनिकाची साप्ताहिक पुरवणी सुरू केली, जिच्यात मजकूर मुलांनीच पाठवायचा होता. ही पुरवणी 1 सप्टेंबर 1939 पर्यंत, म्हणजे युद्ध सुरू झालं त्या दिवसापर्यंत निघत राहिली.

शिक्षकांना शिकवण्याची त्यांची पद्धतही भन्नाट होती. एकदा त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गाऐवजी इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत बोलावलं. सोबत एक लहान मुलगा होता, अनोळखी माणसं पाहून घाबरलेला. अंधार झाला आणि पडद्यावर त्या मुलाचं हृदय दिसलं, धडधड धडधड करणारं. तुम्ही मुलावर चिडता तेव्हा त्याचं हृदय असं दिसतं, हे लक्षात ठेवा, एवढं सांगून त्यांनी व्याख्यान संपवलं.

1929 मध्ये मुलांच्या आदराच्या हक्काबद्दल त्यांचं छोटं पुस्तक आलं. पाचच वर्षांपूर्वी जिनिव्हामध्ये बालहक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला होता. कोरचाक यांना तो पुरेसा वाटला नाही. त्यात मोठ्यांना विनंती आहे, मुलांचा हक्क म्हणून ठणकावून मागणी नाही, ही त्यांची तक्रार होती.

आता येतो तो प्रवास, जो त्यांचं आयुष्य वाचवू शकला असता.

तेव्हा पॅलेस्टाईनवर ब्रिटिशांची सत्ता होती आणि युरोपातले ज्यू तिथे जाऊन वसत होते. शेती करणाऱ्या त्यांच्या सामूहिक वस्त्यांना किबुत्झ म्हणत. तिथे मुलांना वाढवण्याची जबाबदारी सगळ्या वस्तीची असायची. मुलं स्वतंत्र बालघरात, शिक्षिकांच्या देखरेखीखाली राहायची. ज्यू शिक्षकांच्या दृष्टीने हा त्या काळातला सगळ्यात मोठा प्रयोग होता. आश्रमात काम शिकलेली काही तरुण मंडळीही तिकडे गेली होती.

आधी स्टेफा एन हारोद नावाच्या किबुत्झमध्ये जाऊन आली. तिच्या आग्रहावरून 1934 च्या उन्हाळ्यात कोरचाक तीन आठवड्यांसाठी तिथे गेले. पोलंडमधला मोठा लेखक आला म्हणून लोकांनी मान द्यायला सुरुवात केली, तर हे पहाटे स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलायला बसले. दिवसभर बालघरात मुलं पाहायची आणि रात्री शेतावरून दमून आलेल्या पालकांशी आणि शिक्षिकांशी बोलायचं. हिब्रू येत नसल्यामुळे मध्ये दुभाषी लागायचा. मुलांची झोप, त्यांची भीती, त्यांचे हट्ट, असे तिथले प्रश्न असायचे.

1936 मध्ये ते पुन्हा गेले, सहा आठवड्यांसाठी. तोवर पोलंडमध्ये ज्यूंविरोधी वातावरण तापलं होतं. म्हातारे डॉक्टर या नावाने ते रेडिओवर मुलांशी गप्पा मारायचे, देशभरातले लोक कान लावून ऐकायचे. 1936 मध्ये तो कार्यक्रम बंद पडला. कारण म्हाताऱ्या डॉक्टरांचं ज्यू असणं काहींना खुपत होतं.

जेरुसलेमला जाऊन राहावं का, याचा विचार त्यांनी गंभीरपणे केला. पत्रांमधून तो वारंवार डोकावतो. पण वय साठीकडे झुकलं होतं. पोलिश भाषा सोडून लिहायचं कसं, हा प्रश्न होता. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे क्रोख्माल्ना रस्त्यावरची मुलं. त्यांना सोडून जायचं कसं?

स्टेफा 1938 मध्ये एन हारोदला राहायलाच गेली. तिथे तिचं चांगलं बस्तानही बसत होतं. पण युरोपात युद्धाचे ढग जमू लागले तशी 1939 मध्ये ती वॉर्साला परत आली. जगणं सोपं असलेली जागा सोडून, मरण दाराशी आलेल्या शहरात.

1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. 1940 च्या अखेरीस वॉर्सातल्या ज्यूंना भिंतींच्या आत, घेट्टोमध्ये कोंबण्यात आलं. चार लाखांहून जास्त माणसं मूठभर गल्ल्यांमध्ये. अनाथाश्रमालाही आपली इमारत सोडावी लागली. स्थलांतराच्या वेळी मुलांसाठी आणलेली बटाट्यांची गाडी जर्मनांनी हिसकावली. कोरचाक तडक तक्रार करायला गेले, तेही ज्यूंना सक्तीची असलेली दंडावरची पट्टी न बांधता. त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. सुटून आले तेव्हा तब्येत ढासळली होती.

तरीही रोज पिशवी घेऊन ते घेट्टोभर फिरायचे. कुठे थोडं पीठ, कुठे थोडी डाळ, कुठे पैसे. मुलांची संख्या 200 च्या घरात गेली होती. 1942 च्या सुरुवातीला त्यांनी स्वतःहून आणखी एका आश्रमाची जबाबदारी मागून घेतली. तिथे हजारभर टाकून दिलेली मुलं होती, भुकेने आणि रोगाने मरत होती आणि काही कर्मचारीच मुलांच्या तोंडचा घास पळवत होते.

अशा दिवसांतही अनाथाश्रमात न्यायालय भरत होतं, वजनं घेतली जात होती, धडे चालू होते.

18 जुलै 1942 रोजी मुलांनी एक नाटक केलं. ते होतं रवींद्रनाथ टागोरांचं डाकघर. आजारपणामुळे एका खोलीत अडकलेला अमल खिडकीतून जग पाहतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहत शांत झोपी जातो, अशी ती गोष्ट. बंगालमध्ये लिहिलेली ही गोष्ट वॉर्साच्या भिंतींआड अडकलेल्या पोरांना समजावून सांगावी लागली नसेल.

चारच दिवसांनी, 22 जुलैला, नाझींनी घेट्टो रिकामा करायला सुरुवात केली. रोज हजारो माणसं गाड्यांमध्ये भरून त्रेब्लिंकाला जाऊ लागली. घेट्टोच्या ज्यू मंडळाचे प्रमुख अॅडम चेर्नियाकोव यांनी अनाथ मुलांना वगळण्यासाठी धडपड केली. ते जमत नाही हे दिसल्यावर त्यांनी 23 जुलैला आत्महत्या केली.

कोरचाक यांना बाहेर काढायचे प्रयत्नही झाले. त्यांचे जुने सहकारी इगोर नेव्हेर्ली बनावट कागदपत्रं घेऊन घेट्टोत आले. भिंतीपलीकडे लपायला जागा तयार होती. पण ती एका माणसासाठी होती, 200 मुलांसाठी नव्हती. कोरचाक यांनी नकार दिला. स्टेफाही हलली नाही.

5 ऑगस्ट 1942. सकाळी सैनिकांनी आश्रमाला वेढा घातला. मुलं रांगेत बाहेर पडली, पुढे कोरचाक, मागे स्टेफा आणि बाकीचे शिक्षक. उन्हातून चालत ते रेल्वेच्या फलाटाकडे गेले. ज्यांनी ही रांग पाहिली ते लोक ती आयुष्यभर विसरले नाहीत. व्लादिस्लाव श्पिलमन, ज्यांच्या आयुष्यावर पुढे द पियानिस्ट हा सिनेमा आला, त्यांनीही आपल्या आठवणींमध्ये या रांगेबद्दल लिहिलंय. त्या दिवशी गाडी त्रेब्लिंकाला गेली. त्यातलं कोणीही परत आलं नाही.

शेवटचे तीन महिने कोरचाक रात्री डायरी लिहायचे. तिच्यातली शेवटची नोंद 4 ऑगस्टची आहे. ही पानं घेट्टोबाहेर पोचली, वॉर्सातल्या दुसऱ्या एका अनाथाश्रमाच्या भिंतीत लपवली गेली आणि 1958 मध्ये छापली गेली.

पुढे 1978 मध्ये पोलंडनेच संयुक्त राष्ट्रांसमोर प्रस्ताव ठेवला की मुलांच्या हक्कांसाठी नुसता जाहीरनामा नको, बंधनकारक करार हवा. त्यामागे कोरचाक यांच्या विचारांचा मोठा वाटा होता. 20 नोव्हेंबर 1989 रोजी हा करार मंजूर झाला. भारताने तो 11 डिसेंबर 1992 रोजी स्वीकारला. मुलाशी संबंधित निर्णयात मुलाचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, हे आता त्या करारातलं 12 नंबरचं कलम आहे.

क्रोख्माल्ना रस्त्यावरची ती इमारत आजही उभी आहे, फक्त रस्त्याचं नाव बदललंय. जगभरातले शिक्षक ती बघायला येतात. ज्या माणसाने इतरांच्या शाळा आणि आश्रम पाहण्यासाठी इतका प्रवास केला, त्याचा आश्रम पाहायला आता इतर लोक प्रवास करतात.